बऱ्या झाडाला कोण विचारतं?

शमुवेल आबा सकाळी उठला की पहिलं काम शेजाऱ्यांना शिव्या देण्याचं करतो. शेजारी तेव्हा वस्तीवर नसतात. ते कुठल्यातरी साखर कारखान्याच्या हद्दीत उसाच्या फडात असतात. त्यांच्या वतीनं शिव्या खायला दारात त्यांची झाडं असतात.

"काय गं शांते, पुन्हा मान टाकली व्हय? नाटकं करू नगं. कालच पानी पाजलंय तुला."

शांता म्हणजे शांताबाईच्या दारातली तेलाच्या डब्यातली तुळस. शेजारी भानुदासची पपई. ती पत्र्याच्या सावलीतून उन्हाकडं वाकत वाकत पार आडवी झाली आहे. तिला आबा म्हणतो, "भानुदास, नीट हुबा ऱ्हा. घरचं सोडून दुसऱ्याच्या अंगनात डोकावायची तुजी खोड काय जात न्हाई." असं एकेका दाराशी थांबत, बुचाला भोकं पाडलेली बाटली घेऊन, आबा अख्ख्या गल्लीचा उद्धार करत जातो.

मी त्या वस्तीवर पहिल्यांदा गेले ती ऊसतोड कामगारांच्या हक्कांची पत्रकं घेऊन. पाथर्डी तालुक्यातल्या अशा वस्त्या दिवाळी झाली की रिकाम्या होतात, हे मला ठाऊक होतं. आमच्या संघटनेनंच पत्रकं छापायला उशीर केला. त्यावर मी बैठकीत जे बोलायचं ते बोलले आहे. तर, दारोदार कुलपं. माणसं गेली, पोरं गेली, पोरांच्या शाळा बुडाल्या, बैलसुद्धा गेले. कुणाला त्याची लाज नाही. मी संतापून पत्रकं कुणाला देऊ म्हणून बघतेय, तर हा म्हातारा पपईला दम देताना दिसला.

"एक मला दे," तो म्हणाला. "शांतेच्या बुडाशी हातरतो. ऊन लागतंय तिला."

आमचं पत्रक इतकं उपयोगी त्याआधी कुणाला पडलं नव्हतं.

आबा स्वतः एकेकाळी टेम्पो चालवायचा. याच शेजाऱ्यांना भांड्याकुंड्यांसकट फडावर सोडून यायचा. डोळे अधू झाले आणि टेम्पो सुटला. त्याची बायको मार्थाआजी जाऊनही बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. गल्लीच्या टोकाला त्याचं एकच ख्रिस्ती घर, रविवारी धुतलेला पांढरा सदरा, आणि बाकीचे दिवस ही झाडं.

त्याला तुळशीला पाणी घालताना पाहून माझ्या डोळ्यांसमोर लगेच सलोख्याचं पत्रक उभं राहिलं. मी विचारलं, "आबा, तुम्ही ख्रिश्चन असून तुळशीला पाणी घालता?"

"ती तहानल्याली हाय. जात पुसून पानी घालू का? येशूला अडचन न्हाई. तुजी काय हाय?"

मी पत्रक रद्द केलं.

दुसऱ्या खेपेला वस्तीवरचा हौद बघितला. पाणी हिरवंगार. कडेला शेवाळाचा बोटभर थर. मी मोबाईल काढून फोटो घ्यायला लागले. पाण्याच्या प्रश्नावर असा पुरावा रोज मिळत नाही.

"काय काढती?"

"प्रशासनाचा निष्काळजीपणा."

"आगं, बैलं गेली म्हनून हिरवं झालंय. बैलं हुती तवर तोंडं घालून घालून पानी ढवळत हुती, रोज उपसत हुतं, रोज नवं भरत हुतं. आता पानी निस्तं पडून हाय. शेवाळाला काय, कोन हलवत न्हाई म्हनल्यावर ते पसरनारच. तुज्या पत्रकात बैल न्हाईत व्हय?"

मग त्यानं कोपऱ्यातली काठी घेतली आणि अख्खा हौद ढवळला, तोंडानं बैलाला करतात तसा चुकचुक आवाज काढत. हे तो रोज करतो. त्यानं शेवाळ जात नाही, हे त्यालाही कळतं. मी तसं सांगितलंही. तो म्हणाला, "जाऊदे की. हौदाला वाटतंय कोनतरी आलं."

झाडांबद्दल त्याची मतं ठाम आहेत आणि त्यातली निम्मी चूक आहेत. झाड तहानेनं मरत नाही, लाडानं मरतं, हे बरोबर. डब्यातल्या मातीवर हिरवट बुरशीसारखं शेवाळ चढलं की पाणी जास्त झालं, हेही बरोबर. पण डबा उचलून दुसरीकडं ठेवला आणि पानं गळली, तर ते झाड मालकाच्या आठवणीनं रुसलं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "जागा बदलली की उजेड बदलतो, आबा. त्या ताणानं गळतात पानं."

"नाव काय बी ठेव. गळली ती पानंच ना?"

या सगळ्यांत त्याचा जीव वंदनाच्या कढीपत्त्यात. वंदना ही वस्तीवरची तरुण सून, माहेर मिरजगावचं. रस्ता रुंद झाला त्यात तिच्या माहेरचं परसू गेलं, आई त्याआधीच गेलेली. त्या परसातलं एक रोप तिनं पिशवीत घालून आणलं आणि सासरी दाराशी लावलं. माहेरचं म्हणून तिच्याकडं तेवढंच आहे. फडावर जाताना ती आबाला म्हणाली होती, "आबा, बाकीचं काय बी मरूद्या. ह्येवढं जगवा."

एकदा मी बसले असताना तिचा फोन आला. आबाला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू.

"आबा, कढीपत्ता कसा हाय?"

"कसला कसा? लई बेकार अवस्था. पानं पिवळी पडल्यात, कीड लागली, शेंडा वाळाय लागलाय."

माझ्यासमोर कढीपत्ता छातीएवढा, हिरवाकंच, वाऱ्यावर मजेत डुलत होता. तिकडं वंदनाच्या जिवाचं पाणी झालं. ताक घाला, राख मारा, उद्या परत फोन करते, शेवगावला औषध मिळतंय का बघा. बराच वेळ ती बोलत राहिली. मधेच फडावर काय शिजवलं, कोण कुणाशी भांडलं, तेही सांगून झालं.

फोन ठेवल्यावर मी उखडले. "सरळ खोटं बोलता, आबा? त्या बिचारीला घोर लावून?"

"खरं बोललो तर 'बरं झालं' म्हनती आन् ठिवती. बऱ्या झाडाला कोन इचारतं, पोरी?"

मी बाटली उचलली आणि भानुदासला पाणी घालून आले. 

उन्हाळ्याच्या तोंडावर नळाच्या पाइपासाठी वस्तीवर चर खोदला. माणसं घरी नसताना, कुणाला न विचारता, जेसीबी दारादारांशी लावून. विकास असाच येतो, मालक बाहेर असताना. कढीपत्त्याची एका बाजूची मुळं तुटली. मी पोचले तेव्हा दोन-चार दिवस उलटले होते. सगळी पानं खाली. आबानं निम्म्या फांद्या छाटल्या होत्या. "मुळं निम्मी ऱ्हायली, मग वरचा बोजा कशाला?" वर गोणपाटाची सावली. उरलं होतं ते खराट्यासारखं.

मी तक्रारीचा मसुदा तोंडपाठ म्हणून दाखवला. त्याचं लक्ष नव्हतं. साल नखानं खरवडून आत ओल आहे का बघावं म्हणून मी हात पुढं केला, तर त्यानं मनगट धरलं.

"ऱ्हाऊदे. सारकं खरवडलं तर जित्तं बी मरंल."

तेवढ्यात फोन वाजला. वंदना. तिच्या पायावर कोयता बसला होता. तोडणीची टोळी फडात गेलेली आणि ती एकटी कोपीत, पाचटाच्या झोपडीत, पडून होती.

"टाकं पडल्यात, आबा. बरी हाय मी. बोला, आज येळच येळ हाय. काय म्हनतो कढीपत्ता? आज काय दुखतंय त्याचं?" ती हसत होती, पण आवाज रडून आलेला.

मी आबाकडं बघितलं. इतका वेळ बोलायला तिला पुन्हा कधी मिळणार नव्हता, आणि आज झाडाचं दुखणं सांगितलं असतं तर ते खरंच होतं.

"काय न्हाई दुखत," आबा म्हणाला. "ब्येस हाय. तुज्या कानाला लागंल येवढा झालाय. तू आली की चटनी कर."

"खरंच?"

"मग? खोटं बोलतो व्हय मी?"

 ती म्हणाली, "बरं झालं, आबा. त्याचाच घोर हुता. झोपते आता जरा." आणि फोन बंद झाला.

आबानं तो सदऱ्याच्या खिशात टाकला. "आता काय लवकर यायचा न्हाई फोन," तो म्हणाला, पाऊस नाही म्हणावं तसं.

"मी करत जाईन ना," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. टोमणा नव्हता, खरोखरची अडचण होती. "आन् बोलायचं काय? तुजं कुटं झाड हाय हितं?"

डांबरी रस्त्यावर पाथर्डीची जीप हॉर्न देत होती. मी उठले नाही. जीप गेली. आबा ओट्यावर थोडा सरकला. मी शेजारी बसले आणि त्या खराट्याकडं बघत राहिले.

"येवढं टक लावून बघू नगं," आबा म्हणाला. "आंगावर पानं न्हाईत. लाजतंय ते."