तपासणीचे वाण

तात्या हे सरदारांच्या दफ्तरात कारकून होते, त्यांचे चिरंजीव सुधाकरराव शाळामास्तर आणि सुधाकररावांचे चिरंजीव जयंतराव बँकेतून निवृत्त. या तीन पिढ्यांत घरात कोणी डॉक्टर झाले नव्हते. चौथ्या पिढीत जयंतरावांची मुलगी निहारिका डॉक्टर झाली, आणि ते तिच्या आईने, म्हणजे अक्कांनी, करवून घेतले.

बारा वर्षे लागली. तेवढी वर्षे माधव नगरातल्या बायका अक्कांना विचारीत होत्या, "अजून शिकतेच आहे का हो मुलगी?" म्हणून यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अक्कांनी फर्मान काढले, "वाण म्हणून डबे-वाट्या नाहीत. प्रत्येकीची डॉक्टरकडून तपासणी."

"अक्का, मला विचारलंस तरी का?" निहारिका म्हणाली.

"वाण देताना डब्याला विचारतात का?"

पंचवीस जणी आल्या. निहारिका रक्तदाबाचे यंत्र मांडून बसली. कोणी जागचे हलेना.

"सुनंदा, तुझे गुडघे दाखव."

"अगदी बरे झाले, अक्का!" सुनंदाबाईंची शर्वरी लग्नाची होती, आणि आपल्या मंदारसाठी मुलगी शोधणाऱ्या अलकाताई शेजारीच बसल्या होत्या.

"मग अलका, तुझी शुगर?"

"मला कुठली शुगर?" असे म्हणून अलकाताईंनी तिळाचा दुसरा लाडू तोंडात टाकला.

भावी विहिणींसमोर आजार कोण कबूल करणार? अर्ध्या तासात माधव नगर निरोगी झाले. मागून कोणी कुजबुजले, "पेशंटच नाही, तर डॉक्टर कसली?"

अक्कांनी ते ऐकले. त्या ताडकन उठल्या आणि स्वतःच खुर्चीत बसल्या. "मला चक्कर येते आहे," त्यांनी धडधडीत खोटे सांगितले.

निहारिकेने पट्टा बांधला. आकडा पाहून पुन्हा बांधला. "एकशे ऐंशी!"

"मशीन बिघडलं आहे."

"मशीन ठीक आहे, तू बिघडली आहेस. लोणचं बंद, पापड बंद. आडवी हो."

"अगं, कुंकू लावायचं राहिलं—"

"चूप! एक शब्द नाही."

अक्कांना असे बोललेले माधव नगराने कधी ऐकले नव्हते. अक्कांनी मुकाट्याने तोंड मिटले आणि त्या पलंगावर आडव्या झाल्या.

सुनंदाबाई उठल्या. "डॉक्टरबाई, खरं सांगू? जिना उतरवत नाही."

"माझी पण शुगर बघून दे, बेटा," मागून अलकाताई म्हणाल्या. बघता बघता रांग फाटकापर्यंत गेली.

अक्का पडल्या पडल्या रांग मोजत होत्या. काहीतरी सुनावण्यासाठी त्यांनी मान उचलली.

"चूप बस!" निहारिका मान न वळवताच म्हणाली.

अभ्यासाच्या नावाखाली बारा वर्षे मुलीला रोज ऐकवलेले हे दोन शब्द अक्कांना त्या दुपारी व्याजासकट परत मिळाले. त्यांनी ते हसत हसत, डोळे मिटून, पूर्ण वसूल करून घेतले.