अर्धा तास विनाथांबा

रोज सकाळी सहाला आमच्या छातीएवढ्या भिंतीवरून एक हात येतो आणि मला मोबाइल देतो. मोबाइलवर टीव्हीचा रिमोट, रिमोटवर स्कूटरची किल्ली. हात शेजारच्या शांतवनभाऊंचा. "निर्मलाबाई, धरा. अर्धा घंटा."

आता माझे दोन्ही हात झेंडूत गुंतलेले. आमचा फुलांचा धंदा. मळ्यातून आलेली फुलं मी अंगणात बसून निवडते, माळा करते, आणि सातला माझा नवरा त्या देवळाजवळच्या दुकानांत पोचवतो. म्हणजे सकाळी सहाला जागी, बसलेली आणि पळून जाऊ न शकणारी अशी आमच्या गल्लीत मी एकटीच. भाऊंनी हे बरोबर हेरलं. मी हनुवटीने भिंतीलगतच्या ओट्यावरची टोपली दाखवते आणि ते वाकून सगळं तिच्यात ठेवतात.

शांतवनभाऊ एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होते, अमरावती-नागपूर गाडीवर. घर ख्रिस्ती. रविवारी उपासनेला सगळ्यांच्या आधी हजर, आणि पहिल्या बाकावर कोणी बसलं असेल तर त्याच्याकडे असं बघतात की तो आपोआप सरकतो. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं की रोज सकाळी अर्धा तास देवाचा. त्यात दुसरं कोणी नको, काही नको. गुडघ्यावर बसायचं आणि सरळ बोलायचं.

पण मन काही सरळ जाईना. "मी नागपूरची विनाथांबा गाडी सोडतो," ते मला सांगायचे, "अन् थे कोनीबी हात दाखवला का थांबते." मग रोजचा हिशेब मला भिंतीवरून कळायचा. आज मोझरीपर्यंत गेलो. काल तिवसा, परवा तळेगाव. सगळे नागपूरच्या वाटेतले थांबे. एकदा भारत-पाकिस्तान मॅचच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. "नांदगाव पेठबी नाई गाठलं," म्हणाले. नांदगाव पेठ म्हणजे अमरावतीच्या बाहेर पडलं की आलंच. मला हसू आवरेना, पण माणूस खरोखर खजील होता, म्हणून मी फुलांत तोंड घातलं.

मग एका रविवारी चर्चमधे पाळकसाहेबांनी उपदेश केला की देवाच्या आणि आपल्या मधे जे जे येतं ते बाजूला ठेवा. साहेब मनाबद्दल बोलत होते. आमचा कंडक्टर जे ऐकेल ते तसंच्या तसं करणार. सोमवारपासून भिंतीवरून सामान सुरू झालं.

मोबाइल, रिमोट, किल्ली हे कायमचे पासधारक. बाकीचं रोज बदलतं. वर्तमानपत्र आलं. भिंतीवरचं घड्याळ आलं, कारण प्रार्थनेत लक्ष काट्याकडे जातं. संत्र्यांची थैली आली, वास येतो म्हणून. एक दिवस चष्मा आला. "हा असला का सारं दिसते," म्हणाले, आणि घरात जाताना बादलीला अडखळले. एकदा तर कोंबडी आणून दिली, अंडं दिल्यावर ती ओरडते म्हणून. तेव्हा मात्र मी बोलले, "भाऊ, ही फुलांची टोपली आहे, खुराडं नाही." तर म्हणे, "दहा मिनिटं धरा, आज चांगली चालू हाय गाडी." धरली. करणार काय?

एकदा तो रिमोट घाईत माळांसोबत गेला. दुकानदाराचा फोन आला की तुमच्या झेंडूत टीव्हीचा रिमोट निघाला, हा कोणत्या देवाला वाहायचा. रिमोट संध्याकाळी परत येईल असं मी घाबरत भाऊंना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "असू द्या. घरापेक्षा चांगल्या जागी गेला."

नियम मात्र कडक. ते आत असताना कोणी आवाज द्यायचा नाही. "घराले आग लागली तं पयले इझवा, मंग सांगा."

हा नियम सगळ्या गल्लीला लागू होता, फक्त रिबकाताईंना नव्हता. रिबकाताई म्हणजे त्यांच्या बायको. भाऊ प्रार्थनेच्या आधी दूध तापवतात, आणि ताईंचा त्यांच्यावर या बाबतीत काडीचाही भरवसा नाही. बरोबर सव्वासहाला आतून आवाज, "अवो, ग्यास बंद केला का?"

"केला."

दोन मिनिटं भाऊ परत गुडघ्यावर. मग, "अन् दूध झाकलं का?"

"तिवश्याले ही बाई रोज हात दाखवते," भाऊ कुरकुरत सामान परत न्यायला यायचे. "सारं तुमच्याइकडे ठेवता येते, हिले कुठी ठेवू?" एक दिवस त्यांनी तेही करून पाहिलं. माळा करू लागायला म्हणून ताईंना माझ्याकडे पाठवलं. ताई बसल्या, दोन शेवंत्या ओवल्या, आणि सव्वासहा झाले तशी माझ्याच अंगणातून भिंतीवर मान काढून ओरडल्या, "अवो, ग्यास!"

त्या दिवशी आम्ही दोघी इतक्या हसलो की एक माळ सुटली.

या फेब्रुवारीत त्यांची मुलगी बाळंत व्हायची होती. ती अकोल्याला असते. ताई दीड महिन्यासाठी निघाल्या. भाऊ त्यांना स्टँडवर सोडून आले तेव्हा चेहरा असा, की उद्यापासून शाळेला सुट्टी. दुसऱ्या दिवशी साडेसहाला भिंतीशी येऊन एकच शब्द बोलले, "नागपूर."

"काय सांगता?"

"विनाथांबा. पयल्यांदा."

मी चहा दिला. खरंच आनंद झाला होता मला. एवढी वर्षं गाडी कुठंकुठं अडकली ते मीच तर ऐकत होते. दुसऱ्या दिवशी नागपूर, तिसऱ्या दिवशी नागपूर. चौथ्या दिवशी त्यांनी गाव सांगितलंच नाही, मोबाइल उचलला आणि गेले. अकोल्याहून नातू झाल्याची बातमी आली. भाऊंनी गल्लीत पेढे वाटले. तरी सकाळी तसेच गप्प.

आठव्या दिवशी ते सहा वाजून दहा मिनिटांनीच भिंतीशी उभे.

"काय भाऊ, गाडी पंक्चर?"

"नाई. पोचली."

"एवढ्या लवकर?"

त्यांनी भिंतीवरची झेंडूची एक पाकळी उचलली, परत ठेवली. "गाडी पोहचते, निर्मलाबाई. पन रिकामी पोहचते."

मी सुई खाली ठेवली.

"देवाले सांगाले काही सुचतच नाई," ते म्हणाले. "तोंडात येऊन जाऊन तिचंच नाव येते. मंग मीच म्हनतो, का बाबा, अर्धा घंटा देवाचा हाय, मधात हिले कायले आनतं? अन् गप बसतो. चवतीस वर्सं ड्युटी केली. रिकामी गाडी नेली का बरं वाटत नोयतं मले."

मला फार वाईट वाटलं. मोबाइल, रिमोट, किल्ली तिन्ही गोष्टी त्यांच्या हातात दिल्या, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सहाला सामान आलं, भाऊ आत गेले. आणि सव्वासहाला माझ्या टोपलीत मोबाइल वाजू लागला. पाहते तर रिबकाताई. मी उचलला.

"निर्मलाबाई, मले वाटलंच तुमच्यापाशी असंल फोन. आठ दिवस दवाखान्यातच गेले, आज जरा बसली. त्याहिनं ग्यास बंद केला का पाहा ना. मले अथी बसल्या बसल्या वास येऊन राहिला."

"ताई, तुम्ही अकोल्यात आहात."

"तं काय झालं?"

मी नियम आठवला. मग भाऊंचा कालचा चेहरा आठवला. उठले, ओटीतले झेंडू सांडले ते सांडले, आणि भिंतीवर मान काढून हाक मारली, "शांतवनभाऊ, ग्यास बंद केला का?"

आतून, "कोन इच्यारते?"

"रिबकाताई. अकोल्याहून."

स्वयंपाकघराकडे पावलं गेली. परत आली. "बंद हाय म्हना." आणि वर, "दूधबी झाकलं म्हना." हे तर कोणी विचारलंही नव्हतं.

मी फोनवर सांगितलं. ताईंचं समाधान झालं नाही, पण फोन ठेवला. आणि मग आठ दिवस ज्या खोलीतून एक शब्द ऐकू आला नव्हता, तिथून भाऊंचा स्टँडवरचा आवाज सुरू झाला. रिबकाच्या गुडघ्यांसाठी. पोरीसाठी. नातवासाठी, ज्याला अजून पाहिलंही नव्हतं. मध्येच माझं नाव आलं, माझ्या नवऱ्याच्या कंबरेचं दुखणं आलं. पावणेसात झाले तरी आमेन येईना. नवरा गाडी काढून हॉर्न वाजवत होता, माळा अर्ध्याच झाल्या होत्या. मी त्याला म्हटलं, वाजव खुशाल.

आज सकाळी सहाला हात आला. टोपलीत रिमोट ठेवला. किल्ली ठेवली. मी वाट पाहिली. हात परत जायला लागला.

"भाऊ, मोबाइल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. शर्टाचा खिसा तेवढा चाचपला.

"थो आतच राहू द्या," म्हणाले. "तिवश्याले सवारी हाय."