पाळणे हुंगणाऱ्या तायडेबाई

तायडेबाई पाळणे हुंगत. अगदी वाकून, गोधडीत नाक खुपसून, डोळे मिटून. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाचा मॅनेजर, मुकादम, गेटवरचा चौकीदार अशी मंडळी हात बांधून उभी असायची आणि आमच्या इन्स्पेक्टरबाई एकामागून एक पाळणा हुंगत पुढं सरकायच्या. मी त्यांचा कारकून. बाईंची पिशवी धरून मागं उभं राहायचं आणि कुणाशी नजरानजर होऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. अकोल्याच्या आमच्या कामगार कचेरीत एक नवी शाखा निघाली. कारखान्यात बाईला बाप्याच्या बरोबरीनं काम करता यावं म्हणून कायद्यानं ज्या सोयी सांगितल्यात, त्या मालकांनी केल्या आहेत की नाहीत हे बघायचं. शाखा म्हणजे तायडेबाई, मी आणि एक डगमगतं टेबल. रुजू झाल्यावर बाईंचा पहिला प्रश्न, "बाबू, इथं बायाचा संडास कुठं हाये?" नव्हताच. बायकांच्या सोयी तपासणाऱ्या कचेरीत बाईमाणसाची सोय नव्हती! बाईंनी सरळ साहेबांच्या खासगी संडासावर 'स्त्रिया' अशी पाटी ठोकली. तेव्हापासून पोट बिघडलं की साहेब सायकल काढून घरी जात.

जिथं बायका पुष्कळ, तिथं त्यांच्या लेकरांसाठी पाळणाघर हवं, असा कायदा. मालकांनी त्यावर तोडगा काढला होता. तपासणीच्या आदल्या दिवशी पाळणे उसने आणायचे. तेच ते निळ्या रंगाचे पाळणे आम्हाला कधी अमरावतीला भेटत, कधी परतवाड्याला. पुढं पुढं तर मला त्यांच्याशी नमस्कार-चमत्कार करावासा वाटे. मॅनेजर कागद पुढं करी आणि बाई तो बाजूला सारत. "कागद नका दावू. ज्या पाळन्यात लेकरू मुतलं नाही तो पाळना नाही बावा, फर्निचर हाये."

एकानं पाळण्यांना अत्तर लावून पाहिलं. दुसरा जास्त हुशार निघाला, त्यानं शेळीचं मूत शिंपडलं. बाईंनी वास घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "हे बकरीचं पिल्लू कोन्या बाईचं हाये?" मी पिशवीआड तोंड लपवलं.

बाईंच्या नाकाची कीर्ती अशी वऱ्हाडभर झाली. त्यातूनच अकोटचं ते प्रकरण घडलं.

आम्ही एस.टी.नं अकोटला पोचलो तेव्हा जिन जोरात चालू होता. बायका यंत्रांवर कापूस टाकत होत्या. पाळणाघरात गेलो तर काय, प्रत्येक पाळण्यात खरंखुरं मूल! बाईंनी पहिला पाळणा हुंगला, दुसरा हुंगला. दोन्हीकडं अस्सल वास. मॅनेजर हसला. मला तर समोर चहाचा कप दिसू लागला.

बाई मात्र मध्येच थांबल्या. "हे लेकरं रडून काहून नाही राहिले?"

खरंच. भिंतीपलीकडं यंत्रं कानठळ्या बसवत होती आणि इकडं सगळी मुलं मुकाट निजलेली. "वळण लावलंय बाईसाहेब," मॅनेजर म्हणाला.

बाईंनी एकेकाला हलवून पाहिलं. बाकीची कुरकुरली. कोपऱ्यातलं एक मात्र उचललं तर त्याची मान मागं लोंबली. ओठ काळसर पडलेले. बाईंनी तळपायावर चापट मारली, गालावर मारली. काही नाही.

"कोनाचं हाये?"

शेवंता नावाची एक पोरसवदा बाई धावत आली. केसांत कापसाची रुईच रुई. "काय देलं याले?" बाईंनी विचारलं. शेवंतानं मुकादमाकडं पाहिलं. "काई नाई जी."

"अहो, झोपलंय ते," मॅनेजर म्हणाला. "आणि असली बालंटं येणार असतील तर उद्यापासून आम्ही बाप्येच लावतो कामावर. बाप्यांना पाळणे लागत नाहीत."

"लावा ना! बाई अर्ध्या मजुरीत भेटते म्हनून तं ठेवली तुमी. अन् लेकरू काय तिनं एकटीनं आनलं?"

दारात जमलेल्या बायकांनी 'उद्यापासून बाप्ये' एवढंच ऐकलं. शेवंताचे ओठ आणखीनच मिटले. मूल हातातून चाललं होतं. त्याला काय दिलंय ते कळल्याशिवाय डॉक्टर तरी काय करणार?

"बाबू, या साऱ्यायले बाहेर काढा."

मी जन्मात कुणाला बाहेर काढलेलं नव्हतं. त्या दिवशी मॅनेजरला चक्क दंडाला धरून काढलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"शेवंते, माही माय अमरावतीच्या जिनात होती. मी लहान भावाले मांडीवर घेऊन कापसाच्या गंजीमांगं बसत होती. एक दिवस मायनं त्याले अफू जास्त चाटवली. दिवसभर रडला नाही तो. मी खूश होती वं, आज पोरगं तरास देऊन नाही राहिलं म्हनून. सांजच्याले मायनं उचलला तं थंडा होता. मी मायले दोष नाही देल्ला. तुले बी देत नाही. तुहं काम मी जाऊ देत नाही. पन सांग माय, लवकर सांग."

शेवंता मोठ्यानं रडू लागली. "अफूच देली बाई. रोजच देतो. आज मुकादम म्हने, बाई पाळने हुंगते, लेकरं पाळन्यातच पायजे, पन रडले नाही पायजे. म्हून दोनदा देली."

बाई बाहेर आल्या त्या मूल छातीशी धरून, मॅनेजरची मोटार मागत. मॅनेजर म्हणाला, ड्रायव्हर जेवायला गेलाय. बाई तशाच मोटारीत जाऊन बसल्या. शेवंता शेजारी बसली. तेवढ्यात जिनाचा आवाज थांबला. यंत्रांवरच्या सगळ्या बायका बाहेर आल्या आणि मोटारीभोवती उभ्या राहिल्या. मॅनेजरनं बंद पडलेल्या जिनाकडं पाहिलं आणि ड्रायव्हरच्या नावानं हाका मारत सुटला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी ऐकताक्षणी नळी घालून मुलाचं पोट धुतलं. पुढं काय होईल ते सांगता येत नाही म्हणाले. आम्ही ओसरीवर थांबलो. शेवंता भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होती. बाई येरझाऱ्या घालत होत्या.

"बाबू, माह्या नाकानं झालं हे."

"रोज देतातच की बाई," मी म्हणालो.

"रोज एकडाव. आज दोनडाव देली, ते माह्यापायी."

दुपार कलली. शेवंताचं काम तसंच राहील असा मॅनेजरचा निरोप आला. ती ऐकून घेऊन दाराकडं बघत राहिली.

अंधारून येता येता आतून एक बारीक किरकिर आली. मग टाहोच. शेवंता हात जोडून जमिनीवर डोकं टेकत राहिली आणि बाई तिच्याशेजारी खाली बसल्या. नर्सनं मूल बाईंच्या मांडीवर ठेवलं. ते असं रडत होतं की खाटेवरचे रोगी उठून बसले.

"बाई, थोपटा ना जरा त्याला," नर्स म्हणाली. "सगळा वॉर्ड जागा केलाय."

बाई ओसरीच्या फरशीवर बसल्या होत्या. अंबाडा सुटलेला, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून मुलाच्या अंगावर पडत होतं.

"नाही थोपटत," त्या म्हणाल्या. "रड रे माह्या राजा. रड. मी आयकून राहिली."