वसुधाकाकूंच्या भाषणातले काका

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि लिहिलं असेल तर फक्त अर्ज. त्यामुळे माणसांवर लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, माहीत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण वसुधाकाकू भर सभेत नवऱ्याची लक्तरं काढायच्या आणि मग त्याच नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून घरी यायच्या. हे पाहिल्यावर गप्प बसवत नाही.

सदाशिव पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटची मागची खोली मी आणि संदीपने कॉट बेसिसवर घेतली होती. काकूंचा भाजणी-मेतकुटाचा व्यवसाय. शिवाय उद्योजिकांच्या मेळाव्यांत त्या प्रमुख पाहुण्या. तिथे बायका एकमेकींना कार्डं देतात, आपापला धंदा घाईघाईने सांगतात, आणि मग चहाच्या आधी एका पाहुणीने सगळ्यांना पेटवायचं असतं. पेटवण्यात काकूंचा हात कोणी धरू शकत नव्हतं. दर दोन वाक्यांनी ‘लिहून घ्या’. घरीसुद्धा. ‘गीझर चालू ठेवून अंघोळ केलीत तर खोली खाली करायची. लिहून घ्या.’

भाषणातला हुकमी प्रसंग म्हणजे नवऱ्याने पहिली भाजणी अंगणात फेकली. आपल्याला अंगण नाही, असं मी एकदा घाबरत म्हटलं.

‘मग गॅलरीतून फेकली,’ काकू म्हणाल्या. ‘खाली कोण उभं होतं ते विचारू नकोस.’

खरं तर काकूंना भाजणी करताच येत नव्हती. पहिली भाजणी काकांनी ऑफिसात रजा टाकून स्वतः भाजली होती. पहिल्या भाषणात काकूंनी हे सांगितलंही. पण त्या मला म्हणाल्या, ‘बायका मोबाइल बघायला लागल्या रे. नवरा चांगला निघाला की ऐकण्यासारखं काही उरत नाही.’ काकूंना टाळ्या फार प्रिय. दुसऱ्या भाषणापासून काका वाईट झाले.

काकांची तक्रार नव्हती. घरी रंगीत तालीम चाले तेव्हा आम्ही दोघं श्रोते, आणि काका कोपऱ्यात डाळ निवडत बसलेले.

‘आणि ह्यांनी दार लावून घेतलं,’ काकू कापऱ्या आवाजात म्हणत.

‘कडी लावली म्हण,’ काका मान वर न करता सुचवत. ‘कडीचा आवाज येतो.’

‘फार होतंय का हो?’

‘एवढ्यात? अजून मी हात कुठे उगारलाय.’

‘ते नाही हं मी सांगणार,’ काकू एकदम आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणत.

धायरीच्या एका मंगल कार्यालयात भाषण होतं. मी पाकिटांची खोकी उचलायला गेलो होतो. काका नेहमीसारखे बाहेर स्कूटरपाशी, कारण आत त्यांना पाहून कोणाचा विश्वास बसला नसता. भाषण संपलं आणि एक बाई तरातरा बाहेर आल्या.

‘तुम्हीच ना वसुधाताईंचे मिस्टर? तिची भाजणी फेकलीत, आणि आता तिच्याच जिवावर मिरवताय. लाज नाही वाटत?’

मी तोंड उघडणार, तोच काका म्हणाले, ‘चुकलंच माझं.’

बाई समाधानाने आत गेल्या. काका बराच वेळ हेल्मेटची काच पुसत राहिले. मग मला म्हणाले, ‘हिला सांगू नकोस. पुढच्या वेळी बोलताना अडखळेल.’

मी सांगितलं नाही. परीक्षा संपल्यावर गावी आलो, आणि पुढचं मला काल संदीपच्या फोनवरून कळलं.

पुढच्या मेळाव्यात काकू भाषणातल्या कडीपर्यंत आल्या आणि थांबल्या. व्यासपीठावरून उतरल्या, बाहेर गेल्या आणि काकांना हाताला धरून आत घेऊन आल्या. ‘भाजणी ह्यांनी भाजली,’ त्या म्हणाल्या. ‘मी सांगत आले ते खोटं होतं. धायरीला ह्यांनी माझ्या वाटचं ऐकून घेतलं, तेव्हा मी मागे दारातच उभी होते.’

टाळी एकही पडली नाही. चहाच्या रांगेत बायका हळहळत होत्या, ‘घरून दबाव आला असणार बिचारीवर.’ त्यानंतर काकूंना कुठूनच बोलावणं आलेलं नाही.

वाईट वाटतं का, असं संदीपने त्यांना विचारलं.

‘वाटतं तर,’ काकू म्हणाल्या. ‘पण हे घरातसुद्धा अंग चोरून बसायला लागले होते रे.’