बाहेरून लागलेली कडी

भाड्याने घर शोधायला काय अक्कल लागते? एक रविवार, एक मोटारसायकल आणि एक वही, बस्स! असं मी पंकजाला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. फक्त म्हणाली, "बरं."

आमच्या लग्नाला तीन वर्षं झालीत. तिच्या या 'बरं'मध्ये काय काय असतं ते एव्हाना मला कळायला हवं होतं.

पंकजाला नगरच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. मी शिंगणापूरचा, तिथे आमचं पूजासाहित्याचं दुकान आहे. दोघांनी नगरात राहायचं आणि मी रोज मोटारसायकलने दुकानावर जायचं, असं ठरलं. फक्त राहायचं कुठे, एवढंच उरलं होतं.

त्याचं उत्तर खरं तर तयार होतं, आणि तेच माझं दुखणं होतं. पंकजाचे थोरले भाऊ बिभीषणदादा नगरातच राहतात. त्यांची वरची खोली रिकामी आहे. "दाजी, आपलंच घर समजा!" असं ते नेहमी म्हणतात. मी त्या घरात एकदा चार दिवस राहिलोय. दादा पहाटे पाचला उठवतात. मग गच्चीवर श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात. तोपर्यंत मी माझ्या पद्धतीने घेतच होतो. मग दुधी भोपळ्याचा रस, आणि रसाबरोबर "दाजी, आयुष्यात पुढं काय ठरवलंय?" हा प्रश्न. चौथ्या दिवशी मी गावी कोणाला तरी आजारी पाडलं आणि पळून आलो.

"रविवारी संध्याकाळी सहापर्यंत घर ठरलं तर ठीक," पंकजा म्हणाली. "नाहीतर सोमवारी टेम्पो दादाच्या दारात. आणि घर सहा हजारांच्या आत पाहिजे. एरिया सेफ पाहिजे. मी ड्यूटीवर, तुम्ही दुकानात, घर दिवसभर बंद राहणार."

"सेफचं तू मला सांगतेस? शिंगणापूरच्या माणसाला?"

"म्हणूनच सांगते! तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

हा आमचा जुना वाद. आमच्या घराला चौकट आहे, दार नाही. गावाची रीतच ती. कुणाकडे गेलं की बाहेरून हाक मारायची, चपला काढायच्या, आत जायचं, माठातलं पाणी प्यायचं आणि बसायचं. घरातलं माणूस यायचं तेव्हा येतं. पंकजा माहेरी दोन कुलपांच्या आत वाढलेली. लग्नानंतर सहा महिने ती झोपताना चौकटीत स्टीलची बादली ठेवायची. चोर कधी आला नाही. आई मात्र दोनदा बादलीवरून पडली.

तर रविवारी सकाळी पंकजाला मी दादांकडे सोडलं, कारण तिची काही कागदपत्रं तिथे होती, आणि मोहिमेवर निघालो. सोबत एका नगरच्या दुकानदाराला पोचवायच्या मालाची पिशवी होती. ती संध्याकाळी देता आली असती.

माझी पद्धत शास्त्रीय होती. लोकांना "एरिया सेफ आहे का" विचारून काय उपयोग? जो तो आपल्या गल्लीचं चांगलंच सांगणार. म्हणून मी प्रत्येक एरियात एक वस्तू उघड्यावर ठेवायची, पंधरा मिनिटांनी परत यायचं आणि काय होतं ते वहीत लिहायचं, असं ठरवलं.

पहिल्या एरियाचं नाव सांगत नाही, उगाच बदनामी नको. मी गाडीवर हेल्मेट ठेवून चहाला गेलो. परत आलो तर हेल्मेट नव्हतं. वहीत लिहिलं, 'हेल्मेट गेलं. नापास.' दुसऱ्या एरियात छत्रीला कुणी हात लावला नाही. पण भाडं ऐकून मीच घाईघाईने छत्री उचलली.

दुपारी तीनच्या सुमारास केडगावात अनुराधा कॉलनीत पोचलो. दोन ओळींत घरं, दारात तुळशी, मधोमध कडुलिंब आणि त्याखाली सिमेंटचा कट्टा. एका फाटकावर खडूने लिहिलं होतं, 'वरच्या दोन खोल्या भाड्याने देणे.' माझं मन त्यावर बसलंच! पण पद्धत म्हणजे पद्धत. मी पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि एका उभ्या टेम्पोच्या मागे जाऊन पाहू लागलो. पाहता पाहता बाकीची निरीक्षणंही लिहिली.

पाच मिनिटं झाली, सात झाली, पिशवीला माशीसुद्धा शिवली नाही. आता मालकाला भेटायला हरकत नव्हती. पिशवी मी मुद्दाम तिथेच राहू दिली. परीक्षा अर्धी कशाला सोडायची?

फाटक उघडं, दार उघडं. मी हाक मारली, "हाय का कोनी घरात?" आतून पंख्याचा आवाज आला. मी चपला काढल्या, आत गेलो, माठातलं पाणी प्यायलो, ग्लास उपडा ठेवला आणि खुर्चीवर बसलो. समोर दिवाणावर एक म्हातारी झोपली होती. माझ्या चाहुलीने तिने डोळे उघडले.

"कोन रं?"

"आजी, मी गोरक्षनाथ. शिंगनापूरचा. घर बघाया आलोय."

म्हातारी उठून बसली. तिचा चेहरा खुलला. "शिंगनापूर? आरं, माझं म्हायेर सोनईचं! पानी पेला का?"

"पेलो की."

"मंग बस. च्या टाकते."

या आजींचं नाव कडूबाई. अशी गोड म्हातारी मी अलीकडे पाहिली नव्हती. आमच्या गप्पा सोनईच्या माणसांवर आल्या, आणि तेवढ्यात पाठीमागे धाडकन आवाज झाला. दार बंद! पाठोपाठ बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला आणि एक बाई किंचाळली, "कोंडला! कोंडला हो!"

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर कुणी दार लावत होतं. मी उठून ते ढकलून पाहिलं. चांगलं जाड होतं. दार असं काम करतं तर, असं वाटून गेलं.

झालं होतं ते असं. कडूबाईंची सून सत्यशीला गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. तिने मला पिशवी ठेवताना पाहिलं, टेम्पोमागे लपताना पाहिलं, वहीत लिहिताना पाहिलं आणि शेवटी स्वतःच्याच घरात शिरताना पाहिलं. मधल्या वेळात तिने माझा फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला होता. मी खिडकीपाशी गेलो तेव्हा बाहेर वीस-पंचवीस माणसं जमली होती.

"किती जण आहेत आत?"

"एक आत, तीन बाहेर आहेत म्हणे!"

"आई, तुम्ही ठीक आहात ना?" सत्यशीला ओरडली.

"मला काय धाड भरलीया?" कडूबाई आतून म्हणाल्या. "च्यात आलं टाकू का रं, गोरख?"

एवढ्यात सत्यशीलाचे यजमान रंगनाथराव खिडकीशी आले. जाड भुवया, हातात काठी. "मी तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो," ते म्हणाले. "तोंड बघून सांगतो कोण विनातिकीट आहे. बोल! पिशवी का ठेवली कट्ट्यावर?"

मी खरं तेच सांगितलं. "चोरी होते का ते बघायला."

बाहेरची माणसं दोन पावलं मागे सरकली. मग कुणीतरी पिशवी काठीने ओढून आणली आणि उघडली. आता आमच्या दुकानातला माल म्हणजे शनिदेवाचं साहित्य. रंगनाथराव एकेक वस्तू वर धरून दाखवू लागले. "लोखंडी खिळे! काळं कापड! तेलाची बाटली!"

"तेल कडीकोयंड्याला लावतात हे लोक, आवाज होऊ नये म्हणून!" गर्दीतून माहिती आली.

"आणि ही घोड्याची नाल?" यावर मात्र कुणाला काही सुचलं नाही. त्यामुळे भीती आणखीच वाढली.

"अहो, पूजेचं आहे ते! माझ्यावर विश्वास नसेल तर वही बघा!" मी म्हणालो आणि आपल्या हाताने वही खिडकीतून बाहेर दिली.

माणसाने काही गोष्टी आपल्या हाताने करू नयेत. रंगनाथरावांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'अनुराधा कॉलनी. दुपारी सगळे झोपलेले असतात. कुत्रं एकच, तेही म्हातारं. कॅमेरा आहे, पण वायर लोंबते. चार नंबरला कुलूप, दोन दिवसांचे पेपर दारात पडून. एकंदर आपल्यासाठी उत्तम.'"

चार नंबरचे शेजारी जोरात म्हणाले, "हाणा!"

"थांबा!" मी ओरडलो. "माझे मेहुणे नगरातच राहतात, त्यांना विचारा!" अख्ख्या नगरात माझी ओळख देणारा घरचा माणूस एकच होता आणि त्याच्यापासून पळण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. पण नंबर द्यावाच लागला.

फोन करायचीही गरज पडली नाही. माझा फोटो अनुराधा कॉलनीच्या ग्रुपवरून कुठल्याशा योगवर्गाच्या ग्रुपवर गेला होता आणि तिथून बिभीषणदादांना पोचला होता. खाली लिहिलं होतं, 'संशयित इसम, केडगाव परिसरात सावध राहा.' दादांनी तो पंकजाला दाखवून विचारलं, "हे दाजींसारखे दिसतात का गं?" पंकजा म्हणाली, "दिसत नाहीत, आहेत." अर्ध्या तासात दोघं स्कूटरवरून हजर झाली.

तोवर मी दोन कप चहा प्यायलो होतो आणि कडूबाई सर्वांना ओरडून सांगत होत्या, "आरं, चोर कधी चपला भाईर काढतो का? ह्यानं तर गलास बी उपडा ठिवला!"

दार उघडलं. दादा पुढे झाले आणि सगळ्यांना म्हणाले, "हे आमचे दाजी. स्वभावाने गरीब आहेत. ठरवलेलं काही नसतं, त्यामुळे असं होतं. दाजी, चला घरी. खोली झाडून ठेवलीय."

मी पंकजाकडे पाहिलं. हरलो होतो. वरून अब्रूही गेली होती. मला खरोखर रडू येत होतं.

पंकजा माझ्याकडे पाहतच नव्हती. ती दाराची कडी मागेपुढे सरकवत होती.

"वहिनी," तिने सत्यशीलाला विचारलं, "हे कॉलनीत शिरल्यापासून कडी लागेपर्यंत किती वेळ गेला?"

"बारा मिनिटं."

"आणि माणसं जमायला?"

"दोन."

"भरदुपारी?"

"भरदुपारी. मी गच्चीवरच असते. मी नसले तर समोरच्या रेश्मावहिनी असतात."

पंकजाने शांतपणे पर्स उघडली. "वरच्या खोल्यांचं भाडं किती?"

रंगनाथराव गडबडले. "साडेपाच... पण... यांना द्यायचं म्हणजे..."

"त्याला दे!" कडूबाई आतून म्हणाल्या. "सोनईकडचं हाय पोरगं!"

दादांचा चेहरा उतरला. संध्याकाळचे सव्वाचार झाले होते. पावणेदोन तास राखून मी पैज जिंकलो होतो. कशी जिंकली, ते पंकजा अजून माहेरी रंगवून सांगते.

आता आम्हाला इथे चार महिने झालेत. कॉलनी खरंच सेफ आहे. कॅमेऱ्याची वायर मीच वर चढून बांधली. माझा तो फोटो मात्र कॉलनीच्या ग्रुपवर अजून आहे. काढून टाका म्हणून मी रंगनाथरावांना विनंती केली, तेव्हा त्यांनी फोटो काढला नाही, पण खाली नवी सूचना घातली: 'हा इसम आता आपल्याकडेच राहतो. रस्त्यावर दिसल्यास घाबरू नये. आपल्या घरात बसलेला दिसल्यास त्याच्या पत्नीस कळवावे.'

आत्तापर्यंत दोनदाच कळवलंय.