वैद्यबुवांची नाडीपरीक्षा

"जेवणाच्या सुट्टीआधी दोषी प्लगइन पकडून दाखवतो! नाही पकडलं तर नाव बदलीन!" अशी गर्जना वैद्यबुवांनी केली. नाव त्यांचं होतंच कुठे? सर्व्हरच्या दुखण्यांचं निदान करतात म्हणून कचेरीनेच ते ठेवलं होतं.

नाटकांची तिकिटं विकणाऱ्या त्या कचेरीत एक कॅश सर्व्हर होता; कॅश म्हणजे रोकड नव्हे, तयार उत्तरांचा साठा. लोक पुन्हापुन्हा तेच विचारतात, म्हणून तो उत्तरं तयार ठेवायचा आणि मुख्य सर्व्हरला त्रास न देता गिऱ्हाइकाची दारातूनच बोळवण करायचा. गेल्या सोमवारपासून मात्र तो पेंगत होता. आज चारला मोठ्या प्रयोगाचं बुकिंग उघडणार होतं. "आज रखडलं, तर उद्यापासून हे काम बाहेरच्या कंपनीकडे," असं विभागप्रमुख बाईंनी बजावलं होतं.

सर्व्हरला अकरा प्लगइनं, म्हणजे कचेरीतल्या एकेकाने आपापल्या कामासाठी जोडलेले छोटे प्रोग्राम, चिकटलेली. एकेक काढायचं आणि वेग मोजायचा, एवढंच! बुवांनी पहिलं काढलं. सर्व्हर जागचा हलेना! मोजण्यात बारकावा कमी पडतोय, असं म्हणून त्यांनी 'नाडी' या स्वतःच्या लाडक्या प्लगइनला प्रत्येक गिऱ्हाइकाची आणखी सविस्तर नोंद करायला सांगितलं. दुसरं काढलं. सर्व्हरची गोगलगाय झाली!

"बघा!" जाहिरातवाली उसळली. "माझं प्लगइन काढलंत आणि वेग गेला. म्हणजे वेग माझाच होता!"

"तुझा कसला? माझं काढल्यावर तर पानच उघडेना!" सुरक्षावाल्याने छाती फुगवली.

बुवांनी नोंदी आणखी वाढवल्या. तीन वाजेपर्यंत दहा प्लगइनं बाहेर, त्यांचे दहा मालक टेबलाभोवती, आणि जो तो श्रेय मागतोय! सर्व्हर ढिम्म. बुवा रडायचेच बाकी होते.

बाई आल्या. "अकरावं कुठलं?"

"नाडी, बाई. ती तर मोजणारी!"

"कधी बसवलीत?"

"गेल्या..." बुवांचा आवाज खोल गेला, "सोमवारी. सर्व्हर ठणठणीत होता, म्हटलं एकदा मोजून ठेवावं."

म्हणजे आठवडाभर नाडीबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला दारात थांबवून वही भरत बसल्या होत्या! बुवांनी मान खाली घालून नाडी उपटली, बाकीची दहाही परत लावली. चार वाजले आणि तिकिटं सटासट जाऊ लागली! सुरक्षावाल्याने बुवांच्या पाठीवर थाप मारली. काम वाचलं, बुवांच्या जिवात जीव आला.

"छान," बाई म्हणाल्या. "त्या कंपनीला नको म्हणून कळवते. वेग कितीने वाढला, तेवढा आकडा द्या."

"लगेच मोजून सांगतो!" बुवा उत्साहाने कीबोर्डकडे वळले.

"नको!!!" बाईंसकट अकरा जण एकदम ओरडले.