तव्यावरचे, टोपल्यातले, शिळे

मांजरसुंब्याच्या फाट्यावर कुणी उजगरे मामांना राम राम घातला, तर मामा लगेच उलटा राम राम घालत नाहीत. आधी बोटांवर दिवस मोजतात.

"मागचा राम राम कवा घातलता तुमी? दीड म्हैना झाला. तुमी आता टोपल्यात गेलात."

समोरचा माणूस घाबरून स्वतःकडे बघतो. मामा चहाचा कप घेऊन पुढे निघून जातात.

मामा आमच्या नर्सरीचं टपाल सांभाळतात. टपाल म्हणजे ई-मेल, पण तो शब्द ते तोंडात घेत नाहीत. आमच्याकडे सीताफळाची रोपं मिळतात. ज्यांनी कधी चौकशी केली, त्यांना महिन्यातून दोनदा रोपांची माहिती आणि फोटो जातात. कुणी ते उघडलं, कुणी नाही, हे कॉम्प्युटरवर दिसतं. त्यावरून मामांनी सगळ्या गिऱ्हाइकांच्या तीन याद्या केल्या आहेत. महिन्याभरात टपाल उघडलं तो तव्यावरचा. तीन महिन्यांत एकदा तरी उघडलं तो टोपल्यातला. त्याच्या पलीकडचा शिळा.

"मग शिळ्यांना काढून टाकायचं ना, मामा?" मी एकदा विचारलं.

"काढून? शिळी भाकर तू उकिरड्यावर टाकतीस का? कुस्करून फोडनी देतीस. तसंच ह्ये."

फोडणी म्हणजे मामांचं खास टपाल. त्यात रोपबिप काही नसतं. "राव, सा म्हैने झाले, काय चुकलं का आमचं?" एवढंच. ते वाचून परभणीच्या एका डॉक्टरांनी घाईघाईने फोन केला आणि माफी मागितली. आमचं एक रोपही त्यांनी कधी घेतलेलं नव्हतं.

मामा मूळचे दिंद्रुडचे, नोकरी पोस्टात, सदतीस वर्षं. पुण्याचे एक साहेब हे कॉम्प्युटरचं काम शिकवायला आले होते, ते दोन तास बोलले. मामा शेवटी म्हणाले, "सायब, पत्र दारातच फाडनारा कोन, आन् न फाडता आढ्याला खोचनारा कोन, ह्ये मला पाठ हुतं. म्या ह्येच केलं जलमभर. फकस्त सायकलीवर."

पुतणीच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. पत्रिका फक्त तव्यावरच्या पाहुण्यांना. टोपल्यातल्यांना फोन. आणि शिळ्यांना फोडणी: "सा म्हैने तुमी आमच्या दारात आला न्हाईत. यायचं आसंल तर हो म्हना, न्हाई तर नाव काढतो." झालं! सगळे शिळे पाहुणे भांडायला म्हणून दोन दिवस आधीच टेम्पो करून आले. एक आत्या तर उतरता उतरताच ओरडली, "काढ रं माझं नाव! बगू कसं काढतो!" भांडले, जेवले, राहिले, हळदीत नाचले. मामा मांडवात फिरत मला सांगत होते, "बगितलंस? फोडनी लागली!"

मला ते नावाने हाक मारत नाहीत. "ए कोकण!" एवढंच. कारण मी इथली नाही. माझं माहेर सावंतवाडीच्या पलीकडे. बाबा शाळामास्तर, आणि मी त्यांची नववीत नापास होऊन शाळा सोडलेली मुलगी. त्यावर कडी म्हणजे घरी न विचारता लग्न केलं, बोअरच्या गाडीवर काम करणाऱ्या माणसाशी, आणि इकडे बीडला आले. नवरा चांगला आहे, पण गाडी जाईल तिकडे महिना महिना बाहेर. बाबा सात वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. आई नाही. मी नर्सरीत कामाला लागलेय हे तिकडे फक्त एका मैत्रिणीला ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी मामांनी विचारलं होतं, "म्हायेर कोनत्या यादीत?"

मी म्हणाले, "मामा, मीच त्यांच्या शिळ्यात आहे."

मामा हसले नाहीत. म्हणाले, "पिनकोड सांग." मी सांगितला. त्यांनी डोळे मिटून माझ्या गावाच्या पोस्टाचं नाव बरोबर सांगितलं आणि परत कामाला लागले.

नववी नापास बाईला त्यांनी कॉम्प्युटर शिकवला, हे उपकार मी विसरणार नाही. एकच त्रास होता. फोटो. दर टपालाला नवा फोटो, आणि दर फोटोत रोपाशेजारी मी. फोटो लावून टपाल धाडायचं काम मात्र मामा कुणाला देत नसत.

"मला कशाला, मामा?"

"मानूस शेजारी असल्याबिगर रोपाची उंची कशी कळंल? हास जरा. रोप मेलंय का?"

अख्खा महाराष्ट्र आपल्याला बघतोय या भीतीने मी आदल्या दिवशी साडीला इस्त्री करायची. एकदा मला टायफॉइड झाला, तर मामांचा जीव फोटोसाठी वरखाली. बरी होऊन आले तेव्हा मला खुर्चीवर बसवून फोटो काढला. म्हटलं, केवढा हा उंचीचा नाद!

मग गेल्या महिन्यात नर्सरीचे मालक आबा खवळले. "दोन वर्सं झाली, नुसतं उगडून बगत्यात. आपन काय फोटूचा अल्बम काडलाय? एकबी रोप घेतलं न्हाई त्यांची नावं आजच्या आज उडवा!"

मामा बीडला डोळे तपासायला गेले होते. म्हणून काम माझ्याकडे आलं. आबा शेजारीच उभे. नोकरी गेली तर? मी एकेक नाव उडवत गेले. तव्यावरचे झाले, टोपल्यातले झाले, शिळे झाले. सगळ्यात खाली एक चौथी यादी होती. ती मी कधी उघडलीच नव्हती. तिच्यात एकच नाव.

माझ्या बाबांचं.

खरेदी: काही नाही. उघडलं: प्रत्येक टपाल. शेवटचं, एकतीस वेळा.

मी त्यांना गेलेलं टपाल उघडलं. त्यात रोप आणि शेजारी मी. मग बाकीच्यांना गेलेलं उघडलं. तेच रोप, आणि शेजारी बांबूची काठी. अख्खा महाराष्ट्र काठी बघत होता.

खाली बाबांचं एक उत्तर होतं, टायफॉइडच्या वेळचं. "महोदय, या वेळच्या छायाचित्रात रोपाशेजारी कोणी उभे नाही. सर्व ठीक आहे ना? कृपया कळवावे. तिला सांगू नये."

त्याखाली मामांचं. "गुर्जी, पोरीला ताप आलता. दवाखाना झालाय. फुडच्या टपालात उभी करतो, न्हाई तर बसवतो."

"थांबलीस कावून?" आबा म्हणाले.

"आबा, हे एक नाव मी काढणार नाही." आबांना नाही म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. "हे माझे बाबा आहेत."

आबांनी चष्मा लावला, खाली वाकून सगळं वाचलं. बराच वेळ वाचलं. मग खाकरले. "मास्तर गिऱ्हाईक न्हाईत मंग. पाव्हनं हायत. ऱ्हाऊ दे." आणि दारातून वळून ओरडले, "आन् बीडहून आल्यावर त्या म्हाताऱ्याला काय बोलू नकोस!"

दुपारी मामा आले, काळा गॉगल लावून, भिंत चाचपत. डोळ्यांत औषध घातलेलं.

"मामा, मला सांगितलं का नाही?"

ते लगेच समजले. "त्यांनी आपनहून चौकशीचं फारम भरलं. तुझाच पिनकोड, तुझंच म्हायेरचं आडनाव. म्या इचारलं, सांगू का? न्हाई म्हनले. मंग मी कोन सांगनार? पोस्टमन हाय म्या." ते भिंतीला टेकले. "माझ्याकडं तर मीच मला टपाल धाडतो, पोचतंय का बगायला. आन् मीच उगडतो. तुझं उगडनारं मानूस हाय, तर त्याला उपाशी ठिवायचं?"

मी पदराने नाक पुसलं.

"रडू नको. आज टपालाचा वार हाय. चल फोटू काडू."

मी रोपाशेजारी उभी राहिले. मामांनी गॉगल कपाळावर चढवला, डोळे बारीक केले, फोन वर-खाली केला. "हास."

फोटो बघितला, तर रोप त्यात नव्हतंच. नुसती मी.

"मामा, रोप राहिलं."

"डोळ्यात औषद हाय, मला काय दिसतंय? जाऊ दे, धाड."

मी धाडला. मामा खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. त्यांना पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, म्हणून दर मिनिटाला मला विचारत होते.

"उगडलं?"

"नाही."

"उगडलं?"

चौथ्या वेळी मी हो म्हणाले.